नसलेला क्रॅक

"सिस्टर, एक राउंड मारू या. तुम्हीच चालवा," असं म्हणून मी डाव्या सीटवर बसलो.

तुर्भ्याला एमआयडीसीत माझं सस्पेन्शनचं वर्कशॉप आहे. सस्पेन्शन म्हणजे चाकं आणि गाडीची बॉडी यांच्यामधलं सगळं. स्प्रिंग, शॉकअप, बुश, लिंक. सिस्टर म्हणजे जाधव सिस्टर, रिटायर झालेल्या नर्स. नेरूळला एकट्या राहतात. मुलगी वर्षा लग्न होऊन पुण्याला. धाकटी बहीण उरणजवळ मोऱ्याला, तिच्याकडे दर रविवारी स्वतः गाडी चालवत जायच्या. माझी आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा इंजेक्शनं द्यायला सिस्टर आमच्या घरी यायच्या. तेव्हापासूनची ओळख. त्यांच्या जुन्या सेडानला माझ्याशिवाय दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना चालत नसे.

त्यांची तक्रार अशी होती, की गाडी वळणावर डुलते. मागून कोणीतरी ढकलल्यासारखं वाटतं. मोऱ्याच्या भाच्याने त्यांना सल्ला दिला होता, "मावशी, रिअर स्वे बार अपग्रेड करून टाक."

स्वे बार म्हणजे डावं आणि उजवं चाक जोडणारा लोखंडी दांडा. आमचे मिस्त्री त्याला स्टॅबिलायझर म्हणतात. वळणावर गाडी एका अंगाला झुकायला लागली की हा दांडा पिळला जातो आणि झुकणं रोखतो. दांडा जाड लावला की गाडी कमी झुकते, चटकन वळते. सिस्टरांच्या गाडीला मागे कंपनीचा बारीक बार होता. जाड बार मी मागवून ठेवला होता. पण बसवण्याआधी गाडी किती डुलते हे गिऱ्हाइकाच्या शेजारी बसून बघायची माझी सवय आहे.

आम्ही उरण रोडला लागलो. पोर्टकडे जाणारे कंटेनर ट्रेलर नेहमीसारखे रांगेने चालले होते. गाडी मला ठीक वाटत होती. उलव्याच्या पुढे एका वळणावर पुढच्या ट्रेलरने ब्रेक मारला. सिस्टरांनी ॲक्सिलरेटरवरून पाय झटकन उचलला. मागची बाजू थोडी बाहेर सरकली. आणि मग त्यांनी मान खाली घालून पायाकडे बघितलं. ब्रेक कुठे आहे ते शोधायला.

मी हँडब्रेक ओढला. ट्रेलरच्या मागच्या लोखंडी पट्टीपासून हातभर अंतरावर गाडी थांबली. मागचे हॉर्न वाजवायला लागले.

"बघितलंस? बघितलंस कशी मागून ढकलते?" सिस्टर म्हणाल्या.

मी खाली बघत होतो. त्यांची उजवी चप्पल क्लचजवळ उलटी पडली होती. पाय अनवाणी होता. त्यांना ते माहीतच नव्हतं.

परत गाडी मी आणली. वर्कशॉपमध्ये त्या तशाच उतरल्या आणि तापलेल्या कोब्यावर एका पायात चप्पल, एक पाय उघडा, अशा ऑफिसपर्यंत चालत गेल्या. मी चप्पल उचलून त्यांच्या मागोमाग गेलो.

"अगं बाई, निघाली वाटतं," त्या हसून म्हणाल्या. डायबेटिस त्यांना बरीच वर्षं आहे आणि त्यात पाय बधिर होतात, हे मला ठाऊक होतं. तेव्हाच बोलायला हवं होतं. "गाडी उद्यापर्यंत ठेवा, नीट चेक करतो," एवढंच मी म्हणालो आणि त्यांना रिक्षात बसवून दिलं.

मग वर्षाला फोन करून झालेला प्रकार सांगितला.

"प्रशांतदादा, मला हेच टेन्शन आहे," ती म्हणाली. "गेल्या महिन्यात सोसायटीच्या गेटवर वॉचमनच्या खुर्चीला धडक दिली. बरं झालं, तो उठून पाणी प्यायला गेला होता. मी गाडी बंद कर म्हटलं तर माझ्याशी बोलणंच बंद केलं. तुमचं ऐकेल ती."

"मी काय सांगू?"

"सांगा की गाडीच गेली. चॅसीला क्रॅक आहे, रिपेअर होणार नाही, असं काहीतरी. तिला वाईटही वाटणार नाही."

मला ते सोयीचं वाटलं. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. एका म्हाताऱ्या बाईला तिच्या पायाबद्दल सांगण्यापेक्षा लोखंडाबद्दल सांगणं सोपं.

दुसऱ्या दिवशी सिस्टर आल्या. गाडी लिफ्टवर होती. मी चेहरा गंभीर केला.

"सिस्टर, वाईट बातमी आहे. मागे जिथे बार बसतो तिथे चॅसीला क्रॅक आहे. बार लावता येणार नाही. गाडीसुद्धा चालवण्यासारखी राहिलेली नाही."

त्यांनी पर्स टेबलावर ठेवली. "दाखव."

"खाली ग्रीस आहे, साडी खराब होईल."

"होऊ दे. दाखव."

त्या लिफ्टखाली येऊन उभ्या राहिल्या. मी टॉर्च मारला. कुठे मारावा ते समजेना. शेवटी बारच्या ब्रॅकेटशेजारी एक काळी रेघ दिसली, तिच्यावर बोट ठेवलं. "ही बघा."

आमचा मिस्त्री अन्वर पाना हातात घेऊन जवळ आला. त्याला मी काहीच सांगितलं नव्हतं. "क्रॅक? किधर, सेठ? कल तो मैंने पूरा देखा, एकदम साफ है."

सिस्टरांनी कमरेचा रुमाल काढला, हात वर करून ती रेघ पुसली. चिखल होता. खाली कोरं लोखंड.

अन्वरने माझ्याकडे बघितलं आणि पाना घेऊन दुसऱ्या गाडीकडे निघून गेला. माझे कान गरम झाले होते. टॉर्च बंद करायचंही मला सुचलं नाही.

"वर्षाने सांगितलं?" सिस्टरांनी विचारलं.

"हो."

"आणि तू सांगितलंस वर्षाला. काय सांगितलंस?"

मग मी सांगितलं. चप्पल, कोबा, मान खाली घालून ब्रेक शोधणं. बारबद्दलही खरं ते सांगितलं. मागचा बार जाड केला की गाडी छान वळते, पण वळणात पाय एकदम उचलला तर मागची बाजू आणखी जोरात बाहेर जाते. काल ती थोडी सरकली. जाड बार असता तर आडवीच झाली असती. गाडी डुलत नव्हती. त्यांना पायाखालचं कळत नव्हतं, म्हणून पाय एकदम उचलला जायचा आणि मागून ढकलल्यासारखं वाटायचं.

त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या. उजवी चप्पल काढली, पाय पुढे केला आणि डोळे मिटले.

"पेनाच्या टोपणाने अंगठ्याला टोच. कधी टोचतोस ते सांगू नकोस."

मी खाली बसलो. अंगठ्याला टोपण लावलं. मग शेजारच्या बोटाला. मग तळव्याला, जरा दाबूनच.

"लाव ना," त्या म्हणाल्या.

"लावलंय, सिस्टर."

त्यांनी डोळे उघडले. टोपण अजून तळव्याला टेकलेलं होतं. त्यांनी पाय पटकन मागे घेतला आणि पदर ओढून झाकला, जसं काही मी नको ते बघितलं होतं.

"वॉर्डात हजार पेशंटना मी हेच करून बघितलं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पाय जपा म्हणून ओरडायचे त्यांच्यावर. स्वतःचा बघितला नाही. खोटं कशाला बोलू, बघायचाच नव्हता. गाडी गेली की मोरा गेलं. बहिणीकडे कोणीतरी नेईल तेव्हा जायचं."

मी जमिनीवरच बसून होतो. टोपण पेनाला लावलं आणि म्हणालो, "सॉरी सिस्टर. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून..."

"तुझ्या आईला शेवटी शेवटी काय झालंय, हे मी तुला तोंडावर सांगितलं होतं ना? वाईट वाटेल म्हणून लपवलं होतं का?"

मी त्यांची चप्पल उचलून पायाजवळ ठेवली.

त्यांनी गाडीची चावी वर्षाला पाठवली नाही. भाच्याला बोलावून त्याच्या हातात दिली. आता रविवारी तो नेरूळला येतो, सिस्टरांना त्यांच्याच गाडीतून मोऱ्याला नेतो आणि संध्याकाळी परत आणून सोडतो. पायाची ट्रीटमेंट चालू आहे. वर्षाशी बोलणंही सुरू झालं, हे वर्षानेच मला कळवलं. सिस्टरांचा फोन मला आला नाही. गाडीचं सर्व्हिसिंग त्या आता सानपाड्याच्या एका गॅरेजमध्ये करून घेतात.

परवा त्या गॅरेजवाल्याचा फोन आला. मागच्या बारच्या लिंकचं बुश झिजलंय, कुठलं टाकू, असं तो विचारत होता. "मॅडम बोलल्या, प्रशांतला विचार. सस्पेन्शनचं त्याला कळतं. पण पार्ट खराब आहे की नाही ते तू स्वतः बघ."

मी त्याला बुशचा नंबर सांगितला आणि फोन ठेवला.

माझ्या कामावर त्यांचा अजून विश्वास आहे, बोलण्यावर नाही. आणि आमच्या धंद्यात लिफ्टखाली येऊन कोणी बघत नाही. शंभरातली नव्याण्णव गिऱ्हाइकं आमच्या बोलण्यावरच गाडी सोडून जातात.