कुत्र्याची शुद्ध बिस्किटं

मंडळी, आज दुपारी सुनेने अकोल्याहून कुत्र्यासाठी सेंद्रिय, कोशर बिस्किटं आणली. “आई, कोशर म्हणजे ज्यू धर्माच्या नियमाने शुद्ध,” ती कौतुकाने म्हणाली.

मला भातकुलीजवळचं आमचं गाव आठवलं. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो आणि माय जिच्या घरी राबायची, त्या मालकिणीकडची मजुरीऐवजी मिळणारी शिळी भाकर तिने नाकारली. “बाई, मले मजुरी द्या, शिळं नोको.”

मालकिणीने तीच भाकर मायसमोर दुधात कुस्करून कुत्र्याला घातली. “याले तरी किंमत हाय,” म्हणाली. मायचं काम सुटलं. पुढचा पावसाळा आम्ही तरोट्याची रानभाजी उकडून खाऊन काढला.

कुत्र्याचा मला राग नाही, तेव्हाही नव्हता. पण त्या घरात कुत्र्याला दूध होतं, तर राबणाऱ्या माझ्या मायला ताजी भाकर देताना काय आडवं येत होतं? तुम्हीच सांगा.