उजव्या हाताचं स्टेअरिंग

शारजात जुन्या गाड्या विकणाऱ्या कुणावरही माझा काडीचा विश्वास नव्हता. मी घरून डबे द्यायचे, रोज मासळीबाजारात जायचे. वर ताजं मांडून खाली शिळं सरकवणारे मला नवीन नव्हते. म्हणून नवरा गाडी बघायला निघाला की मी बरोबर निघायचेच. माझा व्हिसा ह्यांच्या नोकरीवर होता, पण धंदा माझा होता. आता एक गाळा घेऊन नीट किचन टाकायचं माझ्या मनात होतं. हे म्हणायचे, "आधी गाडी होऊ दे."

ही गाडी चालवायला नको होती, खोलून पार्ट काढायला हवी होती. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ह्यांच्या डोक्यात खूळ शिरलं, स्वतःच्या हातांनी गाडी बांधायची. फायबरची बॉडी आणि लोखंडी सांगाडा इंग्लंडहून येऊन एका मित्राच्या गोदामात पडला होता. इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग, स्टेअरिंग हे सगळं एकाच जुन्या गाडीतून काढायचं. तिला म्हणायचं डोनर. "फार जुनाट नको," हे म्हणायचे, "कॉम्प्युटरवालं इंजिन हवं. पार्ट मिळतात." बरं, गाडी दोन सीटची आणि आम्ही माणसं तीन. मुलीला म्हटलं, हे काय चाललंय? तर म्हणे, "मम्मा, इट्स जस्ट अ हॉबी."

मग आमचे सुट्टीचे शुक्रवार जुन्या गाड्यांच्या यार्डांच्या धुळीत जायला लागले. विकणारा "हबीबी, नो अ‍ॅक्सिडेंट" म्हणाला की मी सरळ कार्पेट उचलून खाली वेल्डिंग केलंय का ते बघायचे. इंजिन चकाचक धुतलेलं दिसलं की माझं डोकं उठायचं. तेल गळत नसेल तर एवढी आंघोळ कशाला? एकीच्या दाराच्या रबरामागे वेगळाच रंग निघाला. एकीचे किलोमीटर अगदी कमी, मग पेडल एवढं झिजलं कसं, असं विचारल्यावर विकणाऱ्याला एकदम फोन आठवला.

शेवटी एक निर्दोष मिळाली. देश सोडून चाललेल्या एका इंग्रज बाईंची होती, सगळे सर्व्हिसचे कागद जपलेले. माझ्यासारखीलाही खोट सापडेना. तर हे म्हणाले, "रंग आवडला नाही." अहो, रंगाचं काय लोणचं घालायचंय? बॉडी तर टाकूनच द्यायची होती. पुढच्या गाडीचा गिअर म्हणे जड. तिच्या पुढचीचा आवाज बरा नाही.

तेव्हापासून मी गाड्या सोडून ह्यांच्याकडेच बघायला लागले. फोन आला की हे बाल्कनीत जायचे आणि काच ओढून घ्यायचे. कुणाचा होता विचारलं की "ऑफिसचा". मनात नाही नाही ते यायला लागलं. राग यायचा, आणि भीतीही वाटायची, खोटं कशाला सांगू?

एका शुक्रवारी हे मला जपानहून कंटेनरनं आलेल्या गाड्यांच्या यार्डात घेऊन गेले. एका गाडीपाशी थांबले ते हलेनातच. मी आत डोकावले, तर स्टेअरिंग उजवीकडे. इथे शारजात गाडी डाव्या स्टेअरिंगचीच लागते, उजवीची नोंदणीच होत नाही. यार्डवाला पठाण चाचा म्हणाला, "फिकर नहीं, लेफ्ट में कर देगा. हम रोज करता है."

हे घाईनं म्हणाले, "नहीं नहीं, राइट ही रहने दो."

उजव्या स्टेअरिंगची गाडी इथे बांधून ह्यांना करायचं काय होतं? ती कुठे चालते ते मला विचारायची गरज नव्हती, आणि आधीच्या डाव्या स्टेअरिंगच्या गाड्या ह्यांना का आवडल्या नाहीत तेही कळलं.

"अहो," मी म्हटलं, "परत जायचं कधी ठरवलंत?"

हे बॉनेटकडेच बघत राहिले. "वर्षभरात. नाशिकला दादाशी बोलणं झालंय. तुला सांगणारच होतो."

म्हणजे बाल्कनीतला फोन मोठ्या दिरांचा होता. भलतंसलतं काही नव्हतं याचं बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. भाऊ-भाऊ बोलून मोकळे झाले होते. माझी गिऱ्हाइकं, माझा गाळा, मुलीची शाळा, एवढ्या सगळ्यात मला एका शब्दानं विचारावं असं ह्यांना वाटलं नाही.

मी चाचाकडे वळले. "चाचा, लेफ्ट में कर दो. गाडी इधर ही चलेगी."

चाचानं माझं ऐकून घेतलं आणि ह्यांच्याकडे बघितलं. हे हळू आवाजात म्हणाले, "राइट."

चाचा मान डोलवून कागद आणायला आत गेला.