पत्र्यावर उठलेला पंजा

दादाचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. वहिनी अंथरुणाला खिळलेली. रात्रभरात तिचे पाय आखडायचे. दादा तेल चोळून ते मोकळे करायचा. मग दोनदा साबणाने हात धुवून माझ्याबरोबर शेडवर यायचा.

शेडमध्ये टाक्यांचे पत्रे रंगासाठी तयार होत. दादा, माझा थोरला भाऊ, पत्रा घासून खडबडीत करी, मी त्यावर पाणी सोडी. पत्रा स्वच्छ असला की पाणी ओरखड्यांत शिरून एकसंध पसरतं. तेलाचा अंश राहिला की थेंब धरून फाटतं. घासल्याने पत्र्याचा स्वभाव बदलत नाही, वाढतो. पाण्याची ओढ असेल तर ओढ वाढते, वावडं असेल तर वावडं. थेंब उठले तिथे रंग टिकत नाही.

घासणी नीट झाली का, हे दादा उघड्या तळव्याने बघायचा.

एके दिवशी मी पाणी सोडलं आणि पत्र्यावर थेंबांचा अख्खा पंजा उठला. मुकादम आला.

"काय दादा, पत्र्याची चंपी केलीस?"

सगळे हसले.

"धुतले होते हात," दादा म्हणाला.

"हात आहेत की कानस? भेगांत बसलेलं तेल साबणाने जातं होय? उद्यापासून हातमोजे घाल."

त्याने घातले. हाताला काही कळेना. अर्धवट घासलेले पत्रे पुढे गेले आणि एका टाकीचा रंग पापुद्र्यांनी सुटला. या वेळी मुकादम हसला नाही.

"हातमोजे नकोत, तेलही नको. जमत नसेल तर गेटवर बस."

गेटच्या पगारात वहिनीचं औषध येत नव्हतं. त्या संध्याकाळी दादाने माझ्यादेखत वहिनीपाशी विषय काढला.

"सकाळी पाय चोळायला बाई ठेवू."

"तिला कसं कळणार कुठे दुखतंय ते?"

"तू सांग ना."

"तुम्हाला कधी सांगावं लागलं का?"

तरी दादाने बाई ठेवली.

बाई कामाला चोख होती. ती पाय चोळायची तेव्हा दादा हात काखेत दाबून शेजारी बसायचा. वहिनी कळ आली की डोळे मिटायची, पण बाईला काही सांगायची नाही. दादाच उठून बोटाने जागा दाखवायचा, पायाला न लागता.

वहिनी जाईपर्यंत हे असंच चाललं. घासणीवर टिकून दादाने जो पगार राखला, त्यातून औषध आलं, आणि राहिलेला त्या बाईला गेला.