अंतराळातली ढाल आणि आमचं कारपूल

माझ्या मुलीने बारावीच्या वर्षी डिबेटसाठी क्षेपणास्त्रांची केस घेतली, तेव्हा तिने मला विचारलं होतं. म्हणजे विचारलं होतं असं मी आजही म्हणते. तिच्या मते तिने फक्त सांगितलं होतं. टेक्ससमधल्या प्लेनोच्या आमच्या घरात विचारणं आणि सांगणं यांतला फरक कधी नीट ठरलेलाच नाही.

वादविवाद स्पर्धा मला नव्या नव्हत्या. पुण्यात कॉलेजात असताना मी त्या आवडीने ऐकायला जायची. कोणी बाजूने बोलायचं, कोणी विरुद्ध, मध्येच एखादा शेर, मग टाळ्या. इथलं प्रकरण निराळं निघालं. दोघादोघांची टीम आणि वर्षभर एकच विषय. त्या वर्षी तो अंतराळाचा होता. एका राउंडमध्ये विषयाच्या बाजूने बोलायचं आणि तासाभराने तेवढ्याच पोटतिडकीने विरुद्ध. बाजूने बोलणाऱ्या टीमने सरकारने नेमकं काय करावं याची स्वतःची एक योजना आणायची. तिला म्हणायचं केस. ती एकदा निवडली की वर्षभर घासूनपुसून वापरायची.

आणि बोलायचं कसं, तर मिनिटाला किती शब्द कोंबता येतील तितके कोंबून. त्याच्या सरावासाठी दातांत आडवं पेन धरून मोठ्याने वाचायचं असतं. नववीत तिने पहिल्यांदा ते केलं, तेव्हा बंद दाराआडून येणारा आवाज ऐकून मी कणकेच्या हातांनी दार बडवलं होतं. मला वाटलं, पोरीला फिट आली.

"पण तुझं खरं मत काय?" हे मी तिला चार वर्षं विचारत आले. ती दरवेळी शांतपणे विचारायची, "कुठल्या साइडचं?" मला याचा राग यायचा. माणसाला एक मत असावं, अशा घरात मी वाढले. दुसरी न कळणारी गोष्ट म्हणजे त्यांचा कुठलाही मुद्दा शेवटी अणुयुद्धावर जाऊन थांबायचा. हवामानाचे उपग्रह बंद पडले, की पीक बुडणार, मग देश भांडणार, मग अणुयुद्ध. मी भाजी चिरता चिरता ऐकायचे आणि माझं जग रोज दोन-तीनदा संपायचं.

तर, ऑगस्टमधल्या एका शनिवारी दुपारी केस निवडायला ती आणि तिची जोडीदार आमच्या डायनिंग टेबलावर बसल्या. जोडीदार म्हणजे दोन गल्ल्या पलीकडची तेलुगू मुलगी. नववीपासून तिने माझ्या हातची इतकी थालीपीठं खाल्ली आहेत की ती मला माझीच वाटते. त्यांच्यापुढे तीन पर्याय होते. एक, अंतराळातला कचरा गोळा करणं. दोन, हवामानाचे उपग्रह. तीन, अंतराळात क्षेपणास्त्रविरोधी ढाल उभारणं. मी न विचारता कचऱ्याच्या बाजूने मत दिलं. स्वच्छता करा, त्यात कोणाचं काय जातंय?

"आई, कचरा सगळेच घेणार," मुलगी म्हणाली. "कोच म्हणतात, मिसाइल डिफेन्स घ्या. मोठी केस आहे, त्यावर खूप लिहिलं गेलंय."

मी विचारलं, ही ढाल म्हणजे नेमकं काय? जोडीदाराने समजावलं. पृथ्वीभोवती फिरणारे पुष्कळ उपग्रह, प्रत्येकावर एक अस्त्र. शत्रूचं क्षेपणास्त्र जमिनीवरून उडालं रे उडालं, की वरून खाली येऊन त्याला तिथल्या तिथे पाडायचं.

मी अर्विंगच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. केलेली वस्तू कुठे आणि कशी मोडेल हे शोधायचा मला पगार मिळतो, आणि घरी मी तेच फुकट करते. माझा नवरा म्हणतो, ही लग्नात अक्षता टाकतानाही मांडवाचे खांब हलवून बघते. त्यामुळे प्रश्न तोंडातून निघूनच गेला.

"हे उपग्रह एका जागी उभे असतात का?"

"नाही आंटी, सतत फिरतात."

"मग क्षेपणास्त्र उडेल त्या घटकेला त्याच्या डोक्यावर त्यांतले किती असणार? बाकीचे पृथ्वीच्या पलीकडे हवा खात असतील ना? आमच्या कारपूलसारखं."

कारपूलची गोष्ट जोडीदाराला माहीत नव्हती, म्हणून मी सांगितली. मुलगी दुसरीत असताना आम्ही पाच जणींनी मुलांना आळीपाळीने शाळेतून आणायला कारपूल केलं होतं. पाच आया, पाच गाड्या, कागदावर वेळापत्रक इतकं पक्कं की मला त्याचा अभिमान होता. मग एके दिवशी बर्फ पडणार म्हणून शाळेने मुलांना सकाळीच सोडून दिलं. पाचही जणी ऑफिसात नाहीतर हायवेवर अडकलेल्या. गाड्या पाच, आणि शाळेपाशी एकही नाही. मी सगळ्यांत शेवटी पोचले, तेव्हा शाळेच्या ऑफिसातल्या बाकावर माझी मुलगी एकटी बसली होती, दप्तर पाठीलाच. ती रडत नव्हती, आणि तेच मला जास्त लागलं होतं.

जोडीदार हसली. माझी मुलगी हसली नाही, लॅपटॉपवर काहीतरी टाइप करत राहिली. मला वाटलं, मैत्रिणींशी गप्पा चालल्या असतील.

"मग जास्त सॅटेलाइट्स टाकायचे," ती मान वर न करता म्हणाली.

"आणि सगळी मुलं एकाच शाळेतून एकदम सुटली तर? जगभर हजार गाड्या फिरत असल्या तरी त्या दाराशी किती पोचतील?"

"आई, डिबेटमध्ये असं नसतं गं. असं कोणी विचारत नाही. सगळे आर्म्स रेसबद्दल बोलतात."

आणि त्यांनी तीच केस घेतली. मी फणकाऱ्याने उठून भांडी आवरायला लागले. मत विचारायचं नव्हतं तर माझ्या टेबलावर बसायचं कशाला, असंही पुटपुटले.

केस मात्र चालली. दोघी जिंकत गेल्या, आणि मी चूक ठरले याचा मला आनंदच होता. फेब्रुवारीत हिशोब असा होता की शेवटच्या स्पर्धेत त्यांनी सेमीफायनल गाठली, तर त्या राज्यपातळीवर जाणार. त्याआधी हरल्या तर चार वर्षांचं डिबेट तिथेच संपणार. त्या आठवड्यात माझी मुलगी नीट जेवली नाही. तिला काही इतकं हवं असल्याचं मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

स्पर्धा अर्विंगच्या एका शाळेत होती. इथली रीत अशी, की प्रत्येक शाळेने आपल्या टीम्सच्या प्रमाणात जज आणायचे. म्हणजे शेवटी पालकच. कोचचा मेल आला, एक जज कमी पडतोय, नाहीतर एक टीम मागे घ्यावी लागेल. मी हो म्हटलं. मुलीचा चेहरा पडला.

"आई, प्लीज. तुला काय माहितीये ते विसरायचं. ते जे बोलतील, फक्त त्यावरच निकाल द्यायचा."

"मला काय कुक्कुलं बाळ समजतेस का?" मी म्हटलं. ट्रेनिंगचा व्हिडिओसुद्धा मी पूर्ण पाहिला. त्यातही हेच सांगितलं होतं.

आपल्या शाळेच्या मुलांचा जज आपण होत नाही. शनिवारी सकाळी माझ्या वर्गात दोन परक्या शाळांच्या टीम्स आल्या. बाजूने बोलणाऱ्या टीममध्ये एक उंच मुलगा आणि एक चष्मेवाली मुलगी होती. मुलगा उभा राहिला आणि सुरू झाला, तर तीच केस! ढाल, उपग्रह, सगळं तेच. मी सावरून बसले. म्हटलं, बघू या आता, हिच्यावर लोक हल्ला कसा करतात.

दीड तासाने माझ्याकडे आठ पानं लिहिलेली होती आणि त्यांतलं मला एक पानही कळलं नव्हतं. ढाल उभारली नाही तर अणुयुद्ध होणार होतं. उभारली तरी अणुयुद्ध होणार होतं. दोन अणुयुद्धांपैकी मोठं कुठलं, ते मी ठरवायचं होतं. चारही मुलं हात बांधून माझ्याकडे बघत बसली होती. माझं डोकं पार बधिर झालं. मला काहीच कळत नव्हतं, म्हणून मला जे कळत होतं तेच मी धरलं. मी ढालीच्या विरुद्ध निकाल दिला.

निकालानंतर जजने कारण सांगायचं असतं आणि मुलं प्रश्न विचारू शकतात. मी फळ्यावर मोठा गोल काढला, भोवती पाच गाड्या काढल्या, एका बाजूला शाळेचं दार. बर्फाचा दिवससुद्धा सांगितला.

उंच मुलाने नम्रपणे विचारलं, हा मुद्दा विरुद्ध टीमच्या कुठल्या भाषणात होता?

"कुठल्याच नाही," मी खरं ते सांगितलं.

तो आणि चष्मेवाली एकमेकांकडे बघत राहिले. ती चिडली असती तर मला कळलं असतं. तिने लॅपटॉप पुढे ओढला आणि माझा शब्दन् शब्द टिपून घेतला. मग दोघांनी दोन प्रश्न विचारले, चांगले, नेमके. मी रंगात येऊन उत्तरं दिली. ऑफिसच्या मीटिंगमध्येही इतकं मन लावून माझं कोणी ऐकलेलं नाही. जाताना दोघं "थँक यू, जज" म्हणाले. मी खुशीत कॉफी प्यायला गेले. काय करून बसले होते, ते माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

चार वाजता क्वार्टर फायनलचा तक्ता लागला. माझ्या मुलीच्या टीमसमोर तेच दोघं.

बाजू ठरवायला नाणेफेक होते. ती त्या दोघांनी जिंकली आणि विरुद्ध बाजू मागितली. सकाळी ज्या ढालीसाठी जीव तोडून भांडले, तिच्याच विरुद्ध! मी मागच्या रांगेत बसले होते. हे असं का, ते समजायला मला थोडा वेळ लागला. कोणाची केस कुठली, हे इथे सगळ्यांना आधीच माहीत असतं.

उंच मुलगा उभा राहिला, आणि दिवसभरात पहिल्यांदाच कोणीतरी हळू बोललं. त्याने तिघा जजेसना पाच आयांची कल्पना करायला सांगितलं. पाच गाड्या. पक्कं वेळापत्रक. मग बर्फाचा दिवस. तिन्ही जजेसनी लिहिणं थांबवून मान वर केली.

माझी मुलगी माझ्याकडे पाठ करून बसली होती. तिची मान ताठ झाली. ती वळली नाही. वळली असती तर बरं झालं असतं.

प्रश्न विचारायच्या वेळी ती म्हणाली, उपग्रह वाढवता येतील. तो म्हणाला, सगळी मुलं एकाच शाळेतून एकदम सुटली तर? सकाळचं माझं वाक्य, जसंच्या तसं. ती पुढच्या प्रश्नाकडे वळली. जोडीदाराने शेवटच्या भाषणात खूप प्रयत्न केला, पोरीचा आवाज बसला बोलून बोलून. निकाल दोन विरुद्ध एक लागला. त्या हरल्या.

टीम शाळेच्या बसने गेली. माझी मुलगी मात्र माझ्या गाडीत येऊन बसली. हायवेला लागल्यावर मला समोरचं धड दिसेना, म्हणून पहिल्याच एक्झिटने उतरून मी एका इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये गाडी लावली. लोक तांदळाची पोती ट्रॉलीतून नेत होते.

"मी सांगितलं त्यांना," मी म्हटलं. "सकाळी. मी त्यांची जज होते. मला काही कळेना म्हणून मी ते बोलले. तुम्हा दोघींचं वाटोळं केलं मी."

"आय नो, आई. बर्फाचा दिवस त्यांना कुठून माहीत असणार?"

मला वाटलं आता भांडेल. मला ते चाललं असतं. तिने मांडीवर लॅपटॉप उघडला आणि माझ्याकडे वळवला. एक फाइल होती, तिचं नाव 'आई'. नववीपासून स्वयंपाकघरातून, गाडीतून, दाराबाहेरून मी जे जे प्रश्न टाकले होते, ते सगळे तिच्या मोडक्या मराठीत आणि इंग्रजीत लिहिलेले. प्रत्येकाखाली उत्तर, पुरावा, कोणी कुठे काय म्हटलंय ते. पानंच्या पानं. ती मला उडवून लावायची आणि आत जाऊन हे करायची.

अगदी शेवटी ऑगस्टचा तो शनिवार होता. कारपूल. त्याखालची जागा कोरी होती.

"सहा महिने शोधतेय," ती म्हणाली. "जे मिळालं ते मलाच पटलं नाही."

"मग ही केस घेतलीस कशाला?"

"कारण मला वाटलं, असं फक्त तूच विचारतेस."

ही तक्रार होती की कौतुक, मला कळेना. न राहवून मी तिला तसं विचारलंच.

"थांब," ती म्हणाली, आणि तिने कोऱ्या जागेच्या खाली माझा तो प्रश्नही टाइप केला.