कैतानचं सूप

मडकं भट्टीच्या मागं होतं. तोंडाला फडकं बांधलेलं. फडकं सोडलं आणि वास आला. आंबट, ओल्या पिठाचा. आत पांढरट पाणी, वर फेस. बाहेर साताऱ्याहून सिव्हिल सर्जन यायची वेळ झाली होती. त्यांची पहिली पाहणी नेहमी किचनची असे. मी मडकं उचललं, मोरीत उपडं केलं आणि भागूबाईसमोर घासायला ठेवलं.

ती म्हणाली, "आवं सायेब, आंबील कुणी लावली हुती हितं?"

"आंबील कसली, घाण आहे," मी म्हणालो आणि टेबलं पुसून घ्यायला गेलो.

पुढं या मडक्याची एक वेगळीच गोष्ट हॉटेलच्या धंद्यातल्या लोकांनी अनेकदा सांगितली आणि ऐकली. मीही सांगितली. ती सगळी खोटी आहे, म्हणून हे लिहितो आहे.

महायुद्धाची वर्षं होती. पांचगणीत भाड्याच्या एका बंगल्यात पोलंडहून आलेल्या निर्वासितांपैकी आजाऱ्यांची सोय केली होती. रशिया, इराण असं करत ही माणसं इकडं पोचली होती. बहुतेक बायका. छाती अशक्त, अंगावर मांस नाही. त्यांना हवा आणि अन्न द्यायचं, एवढंच औषध. तिथं मी स्टुअर्ड होतो. स्टुअर्ड म्हणजे खानपानाचा कारभारी. सामान आणणं, मेनू ठरवणं, टेबल लावणं, वाढणं त्याच्याकडं. शिजवणं मात्र कुकचं.

मी सांगलीचा. कामाला लागलो ते मिरज स्टेशनच्या रिफ्रेशमेंट रूममध्ये. कटलेट, कस्टर्ड, टोस्ट ही माझी शाळा. तिथं पहिल्या दिवशी मला शिकवलं गेलं, की किचनमध्ये ज्याला वास येतो ते फेकायचं. मी घरी आंबील पिऊन मोठा झालेला मुलगा. आई ज्वारीचं पीठ ताकात भिजवून रात्रभर आंबवायची आणि सकाळी शिजवायची. पण पांढरा कोट अंगावर चढला आणि त्या वासाची मला लाज वाटायला लागली. मडक्याचं फडकं सोडलं तेव्हा तो वास मी ओळखला होता. न ओळखता फेकलं, असं म्हणता येत नाही.

कैतान मला मिरजेला भेटला. गोव्याचा, माझ्याहून बराच मोठा, हातानं कमालीचा स्वच्छ. पाव तो असा करी, की साहेबलोक गाडीतून उतरून विचारत. गोव्याकडं पाव फुगवायला ताडी घालतात. इकडं ती धड मिळत नसे, म्हणून तो कालच्या कणकेचा गोळा राखून त्याच्यावर आजची कणीक फुगवी. पांचगणीचं काम मिळालं तेव्हा मीच त्याला बरोबर चल म्हणालो. तो म्हणाला, "थंडी असेल मरे." मग दोन स्वेटर घेऊन आला.

ते किचन अजून डोळ्यांसमोर येतं. लोणंदच्या बाजारचे कांदे, खालच्या गावांतून येणारं ताक, चुलीत जळणाऱ्या लाकडांचा धूर आणि सकाळी भट्टी उघडली की सगळ्या बंगल्यात पसरणारा पावाचा वास. पहिले काही आठवडे आमचे सूप-कटलेट निम्मे परत येत. मग त्या बायका स्वतःच किचनच्या दारात येऊन खुणांनी सांगायला लागल्या. कोबी चिरून मिठात दाबून ठेवा. काकड्या खाऱ्या पाण्यात बुडवा. चहात दूध नको, लिंबू पिळा. तो चहा बघून भागूबाई म्हणायची, काढा पिऊन कुणाचं पोट भरतंय. पण त्या उकडलेल्या बटाट्याबरोबर वाडगा-वाडगा ताक प्यायला लागल्या, तेव्हा तिचं मत एकदम बदललं. भागूबाई माण तालुक्यातली. नवरा मुंबईला गिरणीत, ही आमच्याकडं भांड्याला. तिला आणि त्या बायकांना एकमेकींचा शब्द कळत नसे आणि ताकावरून तासभर बोलणं चाले. मी सांगलीला गेलो की भडंग आणायचो. कैतानला ते फार प्रिय. तो ते कागदाच्या पुडीतून एकेक दाणा काढून खाई, म्हणजे लवकर संपणार नाही.

यानिनाबाई त्यातल्या वयानं मोठ्या. त्या कोबी-काकडीच्या भानगडीत नव्हत्या. त्या जेवतच नव्हत्या. ताटलीसमोर बसायच्या, एक घास खायच्या, उठायच्या. डॉक्टर वजन करून मान हलवायचे आणि मेट्रन माझ्याकडं बघायची. जेवत नाही तो माणूस स्टुअर्डच्या खात्यातला, असा तिचा हिशेब.

उन्हाळा लागला, ईस्टर जवळ आला, आणि यानिनाबाई एक दिवस आपण होऊन खाली उतरल्या. मी त्या दिवशी सामान आणायला वाठार स्टेशनला गेलो होतो, म्हणून मला हे नंतर कळलं. त्यांनी कैतानकडं मडकं मागितलं, जाडंभरडं पीठ मागितलं, शिळ्या पावाचा एक तुकडा मागितला. पीठ कोमट पाण्यात कालवलं, लसूण ठेचून टाकला आणि मडकं भट्टीच्या उबेला ठेवलं. हे पाणी दिवसेंदिवस आंबवून ईस्टरला त्याचं सूप करतात. त्यात उकडलेली अंडी आणि सॉसेज. त्यांच्या देशात त्याशिवाय तो सण होत नाही. त्या रोज खाली यायच्या, फडकं बाजूला करून वास घ्यायच्या, कैतानला घ्यायला लावायच्या. डॉक्टरांच्या लक्षात आलं, की बाई थोडंथोडं खायला लागल्या आहेत. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. मी विचारलं नव्हतं.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी कैतान सकाळचं काम उरकून चर्चला गेला, आणि मी मडकं मोरीत ओतलं.

सिव्हिल सर्जन खूश होऊन गेले. संध्याकाळी यानिनाबाई खाली आल्या. भट्टीच्या मागं हात घातला. मग वाकून बघितलं. मग रॅकवर पालथं घातलेलं मडकं त्यांना दिसलं. त्या ओरडल्या नाहीत. मडकं उचलून त्यांनी आत नाक घातलं आणि तशाच उभ्या राहिल्या.

मेट्रन आली. पोलिश नर्सनं तिला मडकं कशाचं होतं ते इंग्रजीत समजावलं. तेव्हा मला कळलं. मेट्रननं विचारलं, कुणी ओतलं. मी तोंड उघडणार होतो. खरंच उघडणार होतो. तेवढ्यात आमचा कंपाउंडर म्हणाला, "विचारता काय? गोव्याचा माणूस आणि आंबलेलं मडकं. ताडी समजून घेतली असेल घशाखाली."

सगळे हसले. कैतान चर्चहून परत आला नव्हता. तो ईस्टरपर्यंतचा चाळीस दिवसांचा उपवास धरून होता, दारूच्या थेंबाला शिवत नव्हता, हे मला पक्कं माहीत होतं.

मी हसलो. मी बोललो काहीच नाही, फक्त हसलो. मेट्रन हसली नाही. तिनं मान डोलावली.

रात्री यानिनाबाईंची ताटली जशीच्या तशी परत आली. सकाळचीही तशीच. डॉक्टर म्हणाले, ही बाई अशीच राहिली तर पावसाळा काढणार नाही. नवीन मडकं लावायला वेळ नव्हता. ते पाणी मुरायला चार-पाच दिवस तरी लागतात.

शनिवारी सकाळी मी किचनमध्ये गेलो तर कैतान आणि भागूबाई बोलत उभे होते. मला बघून भागूबाई भांड्यांकडं वळली. कैताननं माझ्याकडं नीट पाहिलं. मग म्हणाला, "रघूबाब, हिच्या घरी आंबील असते रोज. शिजवायच्या आधीची, आंबलेली. मी वास घेतला. त्या बाईच्या मडक्याचा वास होता ना, त्याची चुलतबहीण आहे."

"ज्वारीची?" मी विचारलं.

"ज्वारीची. तुला ठाऊक असेल की. तू सांगलीचा."

एवढंच. मला वाटलं, त्याला काही माहीत नाही. तसं वाटून घेणं सोयीचं होतं.

रविवारी पहाटे भागूबाई डोक्यावर गाडगं घेऊन आली. कैताननं आंबील गाळली. बटाटे उकडलेल्या पाण्यात ती सैल केली. लसूण घातला. त्यांच्याकडची सुकी पाल्याची पूड इथं कुठली, म्हणून बागेतल्या ओव्याची पानं चुरडून टाकली. अडलं सॉसेजवर. पांचगणीत त्या दिवसांत पैसे देऊनही ते मिळत नव्हतं.

कैतान स्टूलवर चढला. चुलीच्या वर, धुराच्या वाटेवर, त्यानं स्वतःसाठी टांगून ठेवलेली माळ होती. गोव्याचं सॉसेज, शोरिस म्हणतात. डुकराचं मांस, मिरची, व्हिनेगर. त्याच्या आईनं कुणाबरोबर तरी पाठवलेली. उपवासाचे सगळे दिवस ती त्याच्या डोक्यावर लटकत होती आणि तो खाली कांदा-बटाट्यावर राहत होता. ईस्टरच्या दुपारची वाट बघत. त्यानं अख्खी माळ सोडली.

"एवढी कशाला?" मी म्हणालो.

"टेबलावर माणसं किती आहेत, मोज," तो म्हणाला.

सूप लाल झालं. त्यात उकडलेलं अंडं अर्धं करून ठेवलं.

इथं आमच्या धंद्याची एक पद्धत सांगायला हवी. कुक आत असतो, स्टुअर्ड बाहेर. सूपचं मोठं भांडं टेबलावर नेऊन झाकण काढायचं काम स्टुअर्डचं. त्यामुळं जेवण बिघडलं तर नाव आतल्याचं होतं आणि जमलं तर बाहेरच्याचं.

मी भांडं नेलं, झाकण काढलं, पहिली प्लेट यानिनाबाईंना वाढली. त्यांच्याजवळ एक लाकडी चमचा होता, इतका प्रवास करून आलेला. त्यांनी तो सुपात बुडवला. एक घोट घेतला. मिरची लागली असणार, तोंड लाल झालं, डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी सगळंच मिरचीचं नव्हतं. दुसरा घोट घेतला. प्लेट तळापर्यंत संपवून त्या काहीतरी म्हणाल्या आणि सगळ्या बायका मोठ्यानं हसल्या.

नर्सनं मला सांगितलं, "त्या म्हणतात, हे आमचं नाही. पण आणखी द्या."

मेट्रननं माझा हात हातात घेतला. "वेल डन, स्टुअर्ड." मी थँक यू म्हणालो. कैतान किचनच्या दारात उभा होता. त्यानं ऐकलं.

यानिनाबाईंनी पावसाळा काढला. पुढं त्या चांगल्या जाड झाल्या आणि बाकीच्यांबरोबर परत गेल्या. भागूबाईकडून त्यांनी आंबील करायला शिकून घेतली होती. त्या ती पाव बुडवून खात आणि भागूबाई तोंडाला पदर लावून हसे.

कैतानचं मात्र वेगळं झालं. ईस्टरनंतर मेट्रननं त्याच्याकडून स्टोअरची किल्ली काढून माझ्याकडं दिली. व्हिनेगर, पुडिंगला लागणारी ब्रँडी, सगळं कुलपात. कारण तिनं सांगितलं नाही आणि कैताननं विचारलं नाही. आता त्याला व्हिनेगरचा चमचा लागला तरी तो मला हाक मारी. "रघूबाब, किल्ली." प्रत्येक वेळी मी उठून कुलूप काढी. ते पुडीतले भडंगाचे दाणे तो तसेच एकेक खाई. बोलणं कमी झालं.

महिना-दीड महिन्यानं त्यानं नोकरी सोडली. मी मोटार स्टँडवर पोचवायला गेलो. पेट्रोल मिळत नसल्यानं मोटारी तेव्हा कोळशावर चालत. ड्रायव्हर मागं शेगडी पेटवत होता, त्याला वेळ लागत होता. दोन्ही स्वेटर कैताननं खांद्यावर टाकले होते.

"भागूबाईनं मला त्या शनिवारी सकाळीच सांगितलं होतं," तो म्हणाला. "मडक्याचं."

मी त्याची ट्रंक मोटारीजवळ सरकवली.

"मी वाट बघितली रे. शनिवारभर. मग म्हटलं, रविवारी सांगेल." त्यानं मोटारीकडं पाहिलं. "सूप बरं झालं होतं ना?"

"फार छान झालं होतं."

"मग तेवढं तरी माझ्या नावावर ठेव."

मी हो म्हणालो. मोटार धूर सोडत उतारावरून गेली.

तेही मी केलं नाही. पुढं मोठ्या हॉटेलांत गेलो, नवीन पोरांना शिकवलं. ही गोष्ट माझ्या आवडीची झाली होती. गोव्याचा कुक पोलंडच्या बाईचं सूप ताडी समजून प्यायला आणि मग मी कसा तोल सावरला. पोरं हसायची. पन्नास वर्षं हसली. कैतान गोव्यात वारला, असं कुणीतरी मिरजेला सांगितलं, त्यानंतरही मी ती सांगत राहिलो.

आता ऐंशी ओलांडली आहे. डॉक्टरांनी तिखट बंद केलं आहे आणि सून सकाळी नाचणीची आंबील देते. वास तोच आहे.

तर नोंद अशी. मडकं मी ओतलं. आंबील भागूबाईची. सूप कैतानचं, आणि त्या ईस्टरला तो स्वतः काय जेवला ते मी पाहिलंसुद्धा नाही. धंद्यात नवीन येणाऱ्यांना एवढंच सांगीन, की किचनमध्ये वास आला की फेकण्याआधी ते कुणाचं आहे ते विचारावं. आणि सुपाचं झाकण बाहेर काढताना कुकला एकदा बाहेर बोलवावं. त्यानं सूप थंड होत नाही.