नोटारिस कोणाचा माणूस?

नागपूर विमानतळाच्या दारात बाबांनी माझी ट्रॉली धरून ठेवली होती. पुढे फक्त प्रवाशांना सोडतात हे त्यांना ठाऊक होतं, तरी हात निघत नव्हता. आई जाऊन फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे आईनं द्यायच्या सूचना आता त्यांच्यावर आल्या होत्या. स्वेटर, औषधं, पोचल्यावर फोन, एवढं सांगून झाल्यावर ते थांबले आणि एकदम म्हणाले, "तिथं घर घेशील तर वकील आपला पाहिजे, बेटा." मी निघाले होते नेदरलँड्समधल्या लायडनला, प्रयोगशाळेतल्या दोन वर्षांच्या करारावर. घर कुठलं घेते? मी हसले, ट्रॉली सोडवून घेतली आणि आत गेले. वळून बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर गेलेच नसते.

'आपला' म्हणजे काय, हे आमच्या घरी कोणाला समजावून सांगावं लागत नाही. बाबा पोस्टात होते. तरुणपणी त्यांनी एक प्लॉट पसंत केला, भाव ठरला, चहा झाला. इसारपावती लिहायला बसल्यावर मालकानं पूर्ण नाव विचारलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला, 'मुलगा नाही म्हणतो.' तो मुलगा तेव्हा शाळेत होता. बाबा किस्सा सांगताना इथे हमखास हसतात. आई कधी हसली नाही. पुढे बुद्धविहारात येणाऱ्या एका वकिलांनी दुसरीकडे जागा मिळवून दिली, तिच्या मालकीची आखीव पत्रिका स्वतः तपासली, रजिस्ट्रीला साक्षीदारही आपलेच आणले. तेव्हापासून आमच्या घरचा नियम झाला: कागद होईपर्यंत कोणाला सांगायचं नाही, आणि आपला माणूस सोबत न्यायचा.

दोन वर्षांची पाच झाली, पाचांची त्याहून जास्त. करार वाढत गेला, भाड्याची घरं बदलत गेली. प्रत्येक घरात मी पडदे लावायचं टाळलं, कारण काढायचा कंटाळा. सायकलही जुनीच घ्यायची, परत जाताना विकायची कटकट नको. असं बूड न टेकता राहायची मला सवय झाली होती. शेवटी घरमालकानं घर विकायला काढलं, नवं भाड्याचं मिळेना, आणि मी वैतागून एक छोटं घर बघितलं. एकट्या राहणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंचं. त्यांनी होकार दिला.

आता इथल्या आपल्या ग्रुपवर कोणी घर घ्यायला निघालं की मलाच प्रश्न येतात: नोटारिस लागतोच का, तो कोणी निवडायचा, तो आपल्या बाजूनं भांडतो का. मी सांगते, लागतोच. बहुतेक वेळा घेणारा निवडतो, पण तो भांडत कोणासाठीच नाही. मालकी खरी आहे का, घरावर कोणाचा बोजा आहे का, हे तो तपासतो, पैसे त्याच्या खात्यात थांबतात, आणि खरेदीखत तोच वाचतो. हे शहाणपण मला आधी नव्हतं. मी बाबांना फोनवर म्हणाले, "नोटरीकडे जायचंय." ते म्हणाले, "नोटरी? कोर्टातल्या झाडाखाली शिक्के मारतो तो?" मी त्यांना समजावलं. त्यावर त्यांचा एकच प्रश्न, "तो कोणाचा माणूस हाय?" मी म्हटलं, कोणाचाच नाही. कोणाचाच नाही म्हणजे समोरच्याचा, हा त्यांचा आयुष्यभराचा हिशोब.

करारावर सह्या झाल्यावर घेणाऱ्याला तीन दिवस मिळतात, कारण न देता माघार घ्यायला. विकणाऱ्याला ते मिळत नाहीत. मी हा नियम पुन्हा पुन्हा वाचला. आमच्याकडे माघार समोरचा घेतो, आणि त्याची तयारी मी लहानपणापासून करून ठेवली होती. इथे माघारीचा हक्क माझ्या एकटीचा. ते तीन दिवस मी घरात येरझाऱ्या घातल्या. घर घेतलं म्हणजे परत जायचं नाही, असं कुठे लिहिलेलं नव्हतं. पण बाबांना ते तसंच कळणार होतं, आणि मलाही. मेल लिहायला घ्यायचे, पुसायचे. तिसऱ्या दिवशी न पाठवता झोपले. ठरवलं असं म्हणवत नाही, फक्त पाठवलं नाही.

नोटारिसच्या ऑफिसनं आधी विचारलं होतं, तुम्हाला डच येत नाही तर दुभाषा बोलवायचा का? मी बाणेदारपणे कळवलं, गरज नाही, माझा माणूस आणते. माझा माणूस म्हणजे प्रशांतदादा. हेगला राहतो, आयटीत आहे, जयंतीच्या कार्यक्रमाची सगळी धावपळ तोच करतो आणि डच फाडफाड बोलतो. सहीच्या दिवशी तो कोट घालून आला. तिकडे नागपुरात बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून व्हिडिओ कॉलवर बसले होते. खिशातून आधार कार्ड डोकावत होतं. त्यांच्या मते साक्षीदाराला ओळखपत्र लागतंच.

नोटारिस उंच, शांत बाई होत्या. दादा कोण हे त्यांनी विचारलं, मी अभिमानानं मित्र म्हणाले, आणि तिथेच घोडं अडलं. मित्राला दुभाषा म्हणून बसता येत नाही. शपथ घेतलेला, दोन्हीकडचा कोणी नसलेला दुभाषा हवा. तो दुपारी मिळेल, तोवर थांबावं लागेल. म्हणजे ज्याला आणलं म्हणजे काम होतं असं आम्ही मानत आलो, त्यालाच आणल्यामुळे काम अडलं. विकणाऱ्या बाईंचा मुलगा उठला. आईला बाजूला घेऊन हळू आवाजात काही बोलू लागला, माझ्याकडे बघत.

'मुलगा नाही म्हणतो' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं की डच येत नसूनही मला ते ऐकू आलं. इतके दिवस ज्या घरातून पळून जायचं बघत होते, तेच हातचं जातंय म्हटल्यावर ते मला हवंच होतं हे कळलं. मी दादाला म्हणाले, "काय म्हणतोय तो?" दादानं कान दिला आणि हसू दाबलं. "आईला साखरेचा त्रास आहे, दुपारपर्यंत उपाशी ठेवता येणार नाही म्हणतोय. तुम्ही जेवलात का, तेही विचारतोय." आम्ही चौघं जाऊन चीजचे पाव खाल्ले. बाईंनी मला स्वयंपाकघरातली कुठली खिडकी जोर लावून उघडावी लागते ते हातवारे करून शिकवलं.

दुपारी दुभाषा आला. फोन चालू ठेवायला नोटारिसनी हरकत घेतली नाही. मी फोन पाण्याच्या ग्लासाला टेकवून ठेवला. बाबा तसेच, त्याच शर्टात. मी म्हणाले, "बाबा, इथं साक्षीदार लागत नाहीत." ते म्हणाले, "मग मी काऊन बसलो?"

नोटारिसनी वाचायला सुरुवात केली. आधी विकणाऱ्या बाईंचं पूर्ण नाव. मग माझं, पासपोर्टात होतं तसं: सुजाता देविदास मेश्राम. सावकाश, प्रत्येक अक्षर वाकडं उच्चारत, पण पूर्ण. समोर घर विकणाऱ्या बाई बसल्या होत्या, शेजारी त्यांचा मुलगा. कोणी मान वर केली नाही, कोणी काही विचारलं नाही. बाईंनी सहीसाठी पेन उचललं. फोनमधून बाबांचा आवाज आला, अगदी हळू, "त्यांना म्हण, पुन्हा वाचा."

मी तसं सांगितलं. नोटारिसना वाटलं नावात चूक झाली, म्हणून त्यांनी पुन्हा वाचलं, जरा जोरात. बाबांनी मान खाली घातली. त्यांचा भांगच फक्त दिसत होता.

माझी सही झाली, त्यांची झाली, शेवटी नोटारिसची. बाबांनी डोळे पुसले आणि हसून म्हणाले, "झालं बेटा. आता तुला परत ये म्हणायचा हक्क गेला माझा." मला रडू आलं, सगळ्यांसमोर. नागपूरला मी आता जाईन ती पाहुणी म्हणून, सुट्टी मोजून. तिकडे कोणाच्याही आधाराशिवाय म्हातारा होत जाणारा माणूस आणि इकडे माझ्या नावाचा कागद, यांतलं काहीच मला सोडता येत नव्हतं. ते अजूनही आलेलं नाही, आणि कोणाला आलं असेल तर मला कळवा.

पण त्या खोलीत मी आयुष्यात पहिल्यांदा बाबांना एक शब्द म्हणू शकले. भाड्याच्या घरांतून तो कधी तोंडातून निघाला नव्हता, कारण ती घरं माझी नव्हती. घर म्हणजे काय ते मला आता एवढंच कळतं, की तिथून तो शब्द म्हणता येतो.

मी म्हणाले, "बाबा, या."