डागाच्या बाजूला

सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, माझ्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर मधोमध डाग वाढतोय. कडेची नजर राहील, मधली परत येणार नाही. शाळेतून निवृत्त होऊन हौसेनं दुर्बीण घेतली, त्याला वर्षही झालं नव्हतं. पण खरा घाव देवघरात बसला. नवरात्रात घटासमोर बसलो तर आई भवानीच्या मुखवट्याच्या जागी नुसता धूर. जन्मभर जिला बघत आलो, तिनंच तोंड लपवलं. मी चिडलो. पूजा बायकोवर टाकली आणि देवघरात जाणंच सोडलं.

दिवाळी सरल्यावर सास्तूरजवळच्या आमच्या शेतात हट्टानं दुर्बीण लावली. त्रिकोण तारकासमूहात एक फिकट दीर्घिका आहे, अगणित ताऱ्यांचा पुंजका. तेवढी बघायची आणि दुर्बीण विकून टाकायची, असं ठरवलं होतं. शेजारच्या ठळक ताऱ्यांच्या खुणेनं जागा सापडायची, पण डोळे फाडून बघावं तिथं डागच. सहा रात्री अशाच गेल्या. सातव्या रात्री रडकुंडीला येऊन मी दुर्बिणीवरच डाफरत होतो, तेवढ्यात बांधावरून चाचा आले. पलीकडचं शेत ते बटईनं करतात. शेतीच्या लाईटची पाळी रात्रीची, म्हणून पाण्याची मोटार चालू करायला आलेले.

"काय हरवलं गुरुजी?"

मी सगळं सांगितलं.

"मंग समोर कशापायी बघताव? अंधारात शेळी चुकली तर आमी तिच्याकडं बघतच न्हाय. बाजूच्या बोरीकडं बघायचं, शेळी आपसूक दिसती."

अंधारात डोळ्याची कडच जास्त बघते, हे मी दहावीच्या पोरांना वर्षानुवर्षं फळ्यावर आकृती काढून शिकवलं. ते परीक्षेपुरतं. स्वतःच्या डोळ्यांना कधी लावलंच नव्हतं.

नजर मुद्दाम कडेच्या एका ताऱ्यावर ठेवली. आणि डागाच्या बाजूला ती दीर्घिका उमटली, भस्माचं बोट ओढावं तशी. सवयीनं नजर थेट तिच्यावर नेली, ती गेली. पुन्हा कडेला बघितलं, पुन्हा आली. मी दुर्बिणीला डोळा लावूनच राहिलो. गेलेल्या नजरेपायी मी देवीशी भांडत होतो, आणि राहिलेल्या नजरेनं हे दिसत होतं. चाचा कधी गेले, कळलं नाही. देवीनं त्यांना पाठवलं असं मी म्हणत नाही. त्यांना लाईटच्या पाळीनं आणलं.

पहाटे अंघोळ करून देवघरात बसलो. बायको बघतच राहिली. मुखवट्याकडं न बघता समईच्या ज्योतीवर नजर टेकवली आणि हट्ट सोडून दिला. हळूहळू कडेला मळवट भरलेलं कपाळ आलं, मग डोळे. पुसट, पण तिचेच. तिनं तोंड लपवलंच नव्हतं. दुर्बीण विकली नाही. आता रोज सकाळी मी समईकडं बघतो आणि आई मला दिसते.